उत्तर: खांद्यावर टेंगूळ आलंय पण एक्सरे नॉर्मल म्हणतात

तुमची पोस्ट वाचली आणि हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. गाडी घसरली, खांद्याच्या टोकावर आपटलात, वर टेंगूळ आलंय, 'फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, आई म्हणते तेल लावून हाडवैद्याकडनं बसवून घे, आणि दुसरा डॉक्टर म्हणतो प्लेट टाकू. अहो, हे सगळं माझ्याबाबतीत जसंच्या तसं झालंय. फक्त मी जानेवारीत घसरलो, ट्रॉलीतनं रस्त्यावर पडलेल्या उसावरनं. मी डॉक्टर नाही, कराडजवळ खताचं दुकान आहे माझं, त्यामुळे खालचं सगळं एका खांद्याचा अनुभव आणि नंतर वर्षभर डॉक्टर-फिजिओचं डोकं खाऊन कळलेलं, एवढंच समजून वाचा.

बर्फ, गोळ्या, आर्म पाऊच (हात गळ्यात अडकवायची पिशवी) हे सांगितलंच असेल, ते सोडतो.

माझा घोळ 'खांदा निखळला' या शब्दापासनं सुरू झाला. आपण दोन वेगळ्या गोष्टींना हेच म्हणतो. एक म्हणजे दंडाचा गोळा वाटीतनं बाहेर येणं, तो डॉक्टर खरोखर ओढून बसवतात. आणि दुसरं हे तुमचं-माझं, एसी जॉइंट, म्हणजे कॉलर बोनचं बाहेरचं टोक आणि खवाट्याचं टोक जिथे भेटतात तो छोटा सांधा. तिथे हाडं धरून ठेवणाऱ्या दोऱ्या तुटतात, लिगामेंट. आणि टेंगूळ दिसतं म्हणून हाड वर आलंय असं वाटतं, पण मुख्यतः हाताच्या वजनाने खांदाच खाली लोंबतो. मला हे कळायला दोन महिने लागले.

त्यामुळेच पहिला एक्सरे फसवा निघाला. मला स्ट्रेचरवर आडवं झोपवून एकाच खांद्याचा काढला. आडवं झोपल्यावर हाताचं वजन खाली ओढत नाही, अंतर कमी दिसतं. फ्रॅक्चर नव्हतंच, मग 'नॉर्मल'. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण टेंगूळ डोळ्याला दिसत असताना कुणी हात लावून बघितलं नाही याचा राग आजही आहे. तर तुम्ही सरळ मागा: उभ्याने, हात मोकळा सोडून, दोन्ही खांदे, म्हणजे चांगल्या बाजूशी तुलना होते. आणि बगलेतनं एक, कारण हाड मागच्या बाजूला सरकलं असेल तर समोरच्या फोटोत ते लपतं. मोबाईलवरचा फोटो नको, फिल्म नाहीतर सीडी घ्या.

आता सगळ्यात महाग पडलेली चूक, आणि ती माझीच. नॉर्मल आहे म्हणल्यावर वडील म्हणाले चल हाडवैद्याकडनं हाड बसवून आणू. मी स्वतः त्या हाडवैद्याला सांगितलं 'खांदा निखळलाय'. त्याने हात ओढला (काय कळ आली ते सांगत नाही), मग टेंगूळ अंगठ्याने दाबलं, ते खाली गेलं, 'बसलं बघा' म्हणाला. बसणारच की! पेटीची पट्टी दाबली की खाली जाते आणि बोट काढलं की वर येते, तसंच आहे ते, डॉक्टर लोक तपासताना हेच करून बघतात. धरणाऱ्या दोऱ्याच तुटल्यात तर ते राहणार कशावर? पण त्याने वर गादी ठेवून कापडाने करकचून बांधलं आणि महिनाभर हात हलवू नको म्हणाला. मी पाच आठवडे हलवला नाही, इतका आज्ञाधारक मी शाळेत पण नव्हतो. सोडलं तेव्हा टेंगूळ होतं तिथेच, वरची कातडी सोललेली, आणि खांदा गच्च आखडलेला, हात कानापर्यंत जाईना. मूळ दुखापतीपेक्षा हा आखडलेला खांदा सोडवायला जास्त वेळ गेला, साडेचार महिने फिजिओ. शुगर असेल तर आखडायची भीती जास्त असते, तपासून घ्या.

ऑपरेशनचं म्हणाल तर आधी 'टाइप कितवा' ते विचारा. १९८४ पासून या दुखापतीचे रॉकवुड नावाच्या डॉक्टरने पाडलेले सहा प्रकार वापरतात, हाड किती आणि कुठे सरकलंय त्यावरनं. १ आणि २ ला ऑपरेशन नाही, आठवडा-दोन आठवडे पाऊच आणि मग हालचाल. ४, ५, ६ ला बहुतेक करतात. भांडण सगळं ३ वर आहे, माझा तोच होता. कॅनडात ८३ लोकांवर केलेला एक अभ्यास २०१५ ला छापून आला, हुक प्लेट (आकडा असलेली, हाड खाली धरून ठेवणारी प्लेट) विरुद्ध ऑपरेशनशिवाय नुसता व्यायाम. एक्सरे प्लेटवाल्यांचा छान दिसला, पण दोन वर्षांनी हाताच्या कामात प्लेटवाले सरस ठरले नाहीत. म्हणून माझं मत (मतच आहे हां, तुमचा फोटो मी बघितलेला नाही): टाइप ३ असेल तर नुसतं टेंगूळ दिसतं म्हणून प्लेट टाकू नका. ते टेंगूळ जन्मभर राहणार, माझं आहे, शर्टातनं दिसतं, पण मी आता युरियाची ४५ किलोची गोणी उचलतो. मात्र दुसरं मत घ्यायचं तर याच आठवड्यात घ्या, कारण तीन-चार आठवड्यांनंतर ऑपरेशन करायची वेळ आली तर बऱ्याचदा पायातली वगैरे दोरी काढून लावावी लागते. आणि हुक प्लेट असेल तर ती काही महिन्यांनी काढायला परत ऑपरेशन असतं, त्याचा खर्च आणि विम्यात बसतं का ते आधीच लिहून घ्या, माझ्या मेव्हण्याला ते नंतर कळलं.

हात बधिर होतोय, बोटांत जोर नाही किंवा टेंगळावरची कातडी पांढरी ताणलीये, यातलं काही असेल तर हे वाचत बसू नका, आत्ता जा.

बाकी बारीकसारीक: झोपताना पाठीला दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपा, शर्ट घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी, बोटं-मनगट-कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा. सॅकचा पट्टा अजून काही महिने बोचेल. गाडीची घाई नको, डावा खांदा असेल तर क्लच दाबताना कळेलच.

उभ्याने काढलेल्या एक्सरेचा रिपोर्ट आला की इथेच टाका. आणि आईंना सांगा, तेल गुडघ्याला लावा म्हणावं.