एसटीएससाठी विषय निवडताना

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएसला, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन-शिष्यवृत्तीला, दोनच महिने मिळतात, तेव्हा 'मेळघाटातलं कुपोषण' एवढा मोठा विषय घेऊ नकोस. एकच प्रश्न धर: धारणीकडच्या एखाद्या गावात गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात, मग त्या पोटात का जात नाहीत? आशाताईंसोबत घरोघरी फीर. संमतीपत्र तिथल्या कोरकू भाषेत नीट समजावून सांगणारं माणूस आधी शोध. नुसता अंगठा घेऊन भागत नाही, याबाबत मी हट्टी आहे. एथिक्स कमिटीचा अर्ज गाइडकडून लवकर तपासून घे. प्रश्नावलीत जात-उत्पन्नाबरोबर कामासाठीचं स्थलांतर, बुडालेली मजुरी, दवाखान्यापर्यंतचं गाडीभाडं हेही विचार. विषमतेची कारणं तिथेच सापडतात. आणि ज्यांचं हिमोग्लोबिन तपासशील त्यांना रिपोर्ट लगेच दे, कमी निघालं तर उपकेंद्रातल्या सिस्टरांना त्याच दिवशी कळव.