कल्पकता मोठी की तंत्र?

अव्वल बुद्धिबळपटूंमध्ये तंत्र सर्वांकडेच असते, म्हणून तेथे कल्पकता उठून दिसते आणि तीच मोठी, अशी नवशिक्यांची गफलत होते. मिखाईल ताल यांनी १९६० मध्ये धाडसी बलिदानांच्या (फायद्यासाठी मुद्दाम मोहरा देण्याच्या) जोरावर तेव्हाचे जगज्जेते बोटविनिक यांच्याकडून जगज्जेतेपद जिंकले हे खरे. पण १९६१ च्या परतीच्या लढतीत बोटविनिक यांनी कसून तयारी करून, तालना न मानवणाऱ्या शांत स्थितींकडे डाव वळवत ते परत मिळवले. २०१३ मध्ये चेन्नईतील जगज्जेतेपदाच्या लढतीतही मॅग्नस कार्लसन यांनी विश्वनाथन आनंद यांच्याविरुद्ध पाचवा आणि सहावा डाव हत्तींच्या अंतिम टप्प्यातच (राजे व प्याद्यांखेरीज फक्त हत्ती उरल्यावर) तंत्राच्या बळावर जिंकला.

आमच्या मालवणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की पट मांडले जातात आणि प्रत्येकाला ताल व्हायचे असते. मीही घोडा फुकट देऊन कित्येक डाव घालवले आहेत. म्हणून माझे मत तंत्राच्या बाजूचे आहे. तुम्ही प्रथम राजा-प्याद्यांचे शेवट (पटावर फक्त राजे व प्यादी उरलेले डाव) शिकावेत, आणि एक हत्ती व एक प्यादे विरुद्ध हत्ती अशा शेवटातील ल्युसेना (जिंकण्याची) व फिलिडोर (बरोबरी राखण्याची) या दोन स्थिती दोन्ही बाजूंनी खेळून पाहाव्यात. बलिदान सुचले तर जरूर करावे, मात्र प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चिवट उत्तर आधी शोधून.