फॉन्ट बदलला, पण मराठी अक्षर तेच!

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. शाळेच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस हा मोफत सॉफ्टवेअर-संच आहे आणि त्यातल्या इम्प्रेस या स्लाइड बनवायच्या प्रोग्रॅममध्ये मी परिसर अभ्यासाचे धडे तयार करतो. मास्टर स्लाइडमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडचं रूप ठरवणाऱ्या मूळ स्लाइडमध्ये, जाऊन फॉन्ट बदलला की इंग्रजी शब्द बदलतात, मराठी अक्षर मात्र तसंच राहतं. मग एकेक स्लाइड हाताने दुरुस्त करत बसतो. काही स्लाइडवर अक्षर आपोआप बारीक होतं. बटणं बारीक आणि इतकी, की हवं ते सापडत नाही. हिरव्या पाटीसारख्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात शब्दार्थ देतो, ते मागच्या मुलांना वाचता येत नाहीत. काय करावं?
– एक शिक्षक, खानापूर तालुका, जि. सांगली

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुम्ही मास्टर स्लाइडपर्यंत पोहोचलात, म्हणजे वाट बरोबर धरली आहे. अडलंय ते एकाच ठिकाणी. इम्प्रेस प्रत्येक मजकुरासाठी दोन फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतं, एक रोमन अक्षरांसाठी आणि दुसरा देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. त्या दुसऱ्याला तिथे ‘कॉम्प्लेक्स’ किंवा ‘सीटीएल’ म्हणतात. तुम्ही बदलत होतात तो पहिला.

(मेनूंची नावं इंग्रजीच लिहिते, कारण बहुतेक शाळांत पडद्यावर तीच दिसतात.) ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या सेटिंगचा भाग आहे. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा, चौकट असेल तर तीवर खूण करा. मग ‘व्ह्यू’मधून ‘मास्टर स्लाइड’ उघडा आणि एफ-11 दाबा. उजवीकडे स्टाइल्सची, म्हणजे मजकुराच्या ठरवलेल्या रूपांची, यादी येईल. त्यात ‘टायटल’ म्हणजे शीर्षक आणि ‘आउटलाइन 1’ म्हणजे मुख्य मजकूर. नावावर राइट क्लिक करून बदल करायला घ्या आणि फॉन्टच्या पानावर देवनागरीचा विभाग शोधून तिथला फॉन्ट बदला. ‘आउटलाइन 2’पासून खालच्या पातळ्या वरच्या पातळीकडून रूप घेतात, म्हणून सुरुवात पहिलीपासूनच करा. ज्या स्लाइड तुम्ही आधी हाताने रंगवल्या, त्या मात्र मास्टरचं ऐकणार नाहीत. तिथला मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा, हाताने केलेली सजावट निघून जाईल.

आता फॉन्ट कोणता, यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तुमची मुलं अजून वाचनात मुरायची आहेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. राज्य शासनाने 2009 मध्ये मराठीसाठी प्रमाण देवनागरी लिपी ठरवून दिली, त्यात आपलीच वळणं आहेत आणि मुलं पाठ्यपुस्तकात तीच पाहतात. पडद्यावर हिंदी वळणाचा ‘ल’ आला की आठ-नऊ वर्षांचं मूल क्षणभर थांबतं. ते थांबणं मला टाळायचं आहे. नोटो सान्स देवनागरी या मोफत फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत. मजकुराची भाषा मराठी ठरवलेली असेल तर आपलं वळण उमटतं, हिंदी असेल तर हिंदीचं. वर भाषा निवडायला सांगितली, त्याचं हे दुसरं कारण. जुन्या फाइलमधला मजकूर हिंदी म्हणून नोंदलेला असू शकतो, तोही बदलून घ्या.

शीर्षक ठळक हवं असेल तर खरा ठळक प्रकार असलेला फॉन्ट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेल्या ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टमध्ये सात जाडी आहेत आणि तोही मोफत आहे. ज्या फॉन्टला ठळक प्रकारच नाही, त्याला ‘बी’ दाबून ठळक केलं की संगणक रेघा नुसत्या फुगवतो आणि ‘क्ष’, ‘ष’ यांच्या पोटातली जागा बुजते.

ओळींमधलं अंतर कधीही ‘फिक्स्ड’ ठेवू नका, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत जातात. ‘प्रपोर्शनल’ निवडून 110 ते 120 टक्के द्या. अक्षर आपोआप बारीक होतं ते ‘श्रिंक ऑन ओव्हरफ्लो’मुळे, ‘टेक्स्ट ॲट्रिब्यूट्स’मध्ये ते बंद करता येतं. मग मजकूर चौकटीबाहेर गेलेला तुम्हाला लगेच दिसेल आणि त्या स्लाइडच्या दोन करता येतील. तिसरीच्या वर्गासाठी तेच योग्य आहे.

हिरव्यावरचं लाल सोडून द्या. दोन्ही रंग जवळजवळ सारखेच गडद असतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलं जवळपास प्रत्येक मोठ्या वर्गात असतात, बहुतेक मुलगेच. तुमच्या खोलीला खिडक्या असतील आणि पडदे नसतील, तर गडद पाटीचा हट्टही सोडा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, उजेडात गडद भाग फिकट राखाडी होतो. फिकट पार्श्वभूमी, गडद निळं अक्षर आणि शब्दार्थाखाली जाड रेघ, एवढं पुरे.

बटणांसाठी ‘व्ह्यू’मध्ये ‘युजर इंटरफेस’ उघडा. ‘टॅब्ड’ निवडलंत तर एका वेळी एकाच कामाची बटणं समोर येतात. मला स्वतःला ‘सिंगल टूलबार’ आवडतो, कारण त्यामुळे स्लाइडला जागा जास्त मिळते. ‘ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’ पानावर चिन्हांचा आकारही मोठा करता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मास्टरला हात लावण्याआधी तीच पाहा. प्रोजेक्टर जुना, 4:3 आकाराचा (रुंदी चार भाग, उंची तीन) असेल आणि स्लाइड जास्त रुंद, 16:9 असेल, तर वर-खाली काळे पट्टे पडतात आणि अक्षर विनाकारण लहान होतं. ‘स्लाइड प्रॉपर्टीज’मध्ये आकार प्रोजेक्टरप्रमाणे ठेवा.

सगळं मनासारखं झालं की एक रिकामी स्लाइड ठेवून फाइल टेम्प्लेट, म्हणजे नव्या फाइलींचा साचा, म्हणून जतन करा. त्याच वेळी ‘डीफॉल्ट’ची खूण केलीत तर पुढची प्रत्येक नवी फाइल याच रूपात उघडेल. केंद्रातल्या इतर शिक्षकांना धडा पाठवणार असाल तर ‘फाइल’मधल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये, ‘फॉन्ट’ पानावर, फॉन्ट फाइलमध्येच घालण्याची खूण करा. त्यांच्या संगणकावर ‘मुक्त’ फॉन्ट नसला तरी अक्षर तुमचंच दिसेल.