रंग नंतर, आधी भिंत: बाहेरच्या रंगकामाबद्दल नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

मानेवाडा: यंदा पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंत चालला. दिवाळीपर्यंत बाहेरचा रंग उरकेल का?

पाऊस थांबला म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. नऊ इंची भिंत वरून कोरडी दिसते, पण आत पाणी धरून असते. दीड फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि २४ तासांनी बघा. आतल्या बाजूला घाम आला असेल तर दिवाळी तोरणांवर भागवा. उत्तरेची भिंत आणि बाथरूममागची भिंत आधी तपासा, त्या सगळ्यात उशिरा वाळतात.

नागपुरात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला चांगला. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सावलीच्या मागे मागे चाला: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. ज्या भिंतीवर तळहात टेकवत नाही, तिच्यावर रंगही नीट बसत नाही. पाणी झटकन उडून जातं आणि रंगाचा सलग पापुद्रा तयारच होत नाही.

प्रतापनगर: कूलरच्या खिडकीखाली पांढरी पावडर येते. दोनदा रंग मारला, दोन्ही वेळा फुगून निघाला.

हा लोणा आहे आणि तो रंगाने कधीच दबत नाही. छपाईत, म्हणजे प्लास्टरमध्ये, मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे खडे मागे राहतात आणि तेच रंगाला ढकलून उचलतात. त्यामुळे सुरुवात कूलरपासून. टाकी भरून वाहते का, ताट्यांतून (बाजूच्या गवती जाळ्यांतून) पाणी बाहेर टपकतं का, स्टँड भिंतीकडे कललाय का, हे बघा आणि निचऱ्याची नळी थेट जमिनीपर्यंत न्या.

मग फुगलेला रंग खरवडून लोणा कोरड्या ब्रशने झाडा. इथेच बहुतेक जण चुकतात: पाण्याने धुतात, क्षार विरघळून परत आत जातात आणि महिन्याभरात पुन्हा वर येतात. अ‍ॅसिडही नको, त्याने छपाईच खिळखिळी होते. झाडत राहा. सलग तीन आठवडे नवी पावडर आली नाही की मगच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर.

महाल: जुन्या घरावर चुन्याचे थरावर थर आहेत. पेंटर म्हणतो, वरून पुट्टी ओढू. चालेल?

नाही. भिंतीवर हात फिरवा. तळहात पांढरा झाला तर पुट्टी त्या भुकटीला चिकटेल, भिंतीला नाही. पत्र्याने खरवडा, तारेचा ब्रश मारा, मग ८० नंबरच्या घासकागदाने घासून धूळ काढा. मजुरी इथेच जाते, म्हणून हेच काम टाळलं जातं.

छपाईसुद्धा चुन्याचीच असेल, तर आमच्या मते वर पुन्हा चुनाच द्या. अशी भिंत ओल बाहेर सोडत जगते, प्लॅस्टिकसारख्या रंगाने ती कोंडते. लाकडी दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नका. रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते बरंच जास्त असू शकतं. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, लेकरांना लांब ठेवा.

बेसा: प्लॉट काळ्या मातीचा. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात, भरल्या तरी उघडतात.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया तिच्यासोबत हलतो. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ ओढा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा. मे आणि सप्टेंबरच्या मापांत फरक पडला तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर, पेंटर नंतर.

न हलणाऱ्या, ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा छन्नीने इंग्रजी व्हीसारख्या उघडा, धूळ झाडा आणि अ‍ॅक्रिलिक क्रॅक-फिलर दोन थरांत भरा, मध्ये एक दिवस जाऊ द्या. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर सरळ उभी भेग असेल तर फिलर वाया जातो. तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच छपाई काढा, जाळी ठोका आणि १ सिमेंट, ४ रेती अशी नवी छपाई करा. सात दिवस पाणी मारा, रंगाला किमान २८ दिवस थांबा. ताज्या सिमेंटचा अल्कली रंग खातो, तेवढाच पट्टा पांढुरका दिसतो.

जरीपटका: गच्चीच्या कठड्यावर काळं-हिरवं शेवाळ आहे. घासून लगेच प्रायमर मारू का?

नुसतं घासल्याने मूळ राहतं. घरगुती लिक्विड ब्लीच १ भाग, पाणी ३ भाग असं मिश्रण लावा, १५-२० मिनिटांनी ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. खालच्या कुंड्या झाका. ब्लीचमध्ये बाथरूमचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे हवा. बाहेर असेल तर पहिल्याच पावसात नव्या रंगावर काळे ओघळ उतरतील.