बर्फाविना बर्फाची चाचणी

प्रश्न : डिसेंबरात आम्ही आमच्या गाडीने मनालीला जाणार आहोत. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये गाड्यांच्या चाचण्या होतात, पण आपल्याकडे बर्फ कुठला? मग बर्फावरची पकड कशी तपासत असतील? शिवाय फोर-व्हील ड्राइव्ह असल्यावर काळजीचे कारण उरते का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : निसरडेपणा पाण्यानेही निर्माण करता येतो. चाचणी-मैदानांवर गुळगुळीत फरशांच्या पट्ट्यावर पाणी सोडतात, एका बाजूची चाके त्यावर आणि दुसऱ्या बाजूची कोरड्या डांबरावर ठेवून जोरात ब्रेक दाबतात, आणि गाडी डांबराकडे किती ओढली जाते व चालकाला स्टिअरिंग किती सावरावे लागते, हे मोजतात. मात्र थंडीने कडक झालेल्या रबराचे वागणे अशा पट्ट्यावर कळत नाही. त्यासाठी कंपन्या स्वीडनमधील आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर जातात.

ताशी 50 किलोमीटर वेगातील गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण 12 मीटरमध्ये थांबते, तर गुळगुळीत बर्फावर तिला जवळपास 100 मीटर लागू शकतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे गाडी निघते सहज. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीचे चारही चाकांनाच लागतात, त्यामुळे थांबण्यात तिचा काही उपयोग नाही. (बर्फात घसरलेल्यांत अशा गाड्यांचे आत्मविश्वासू मालक हमखास असतात!) सुमारे 7 अंशांखाली नेहमीचे टायर कडक होऊ लागतात, म्हणून खर्च करायचाच तर हिवाळी टायरांवर करावा. तिथे पोहोचल्यावर मोकळ्या, सपाट जागी ताशी 10-15 किलोमीटर वेगाने ब्रेक दाबून पाहावा. पायाखाली एबीएसची (चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची) थरथर जाणवली तरी पाय उचलू नये.