अशनीच्या पोटातले खनिज

प्रश्न : प्रदर्शनात लोह-अशनीच्या घासून चकचकीत केलेल्या चकतीत सुपारीएवढा गोल, कांस्यरंगी डाग पाहिला. हे सोनमाखी म्हणजे पायराइट आहे का?

उत्तर : नाही, ते ट्रॉइलाइट असावे. पायराइटमध्ये लोहाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात, ट्रॉइलाइटमध्ये एकास एक. लघुग्रहाच्या गर्भातला वितळलेला धातू गोठू लागला, तेव्हा घनरूप लोहात गंधकाला जागा मिळेना. तो उरलेल्या द्रवात साठत गेला आणि धातूत अडकलेले त्याचे थेंब सर्वांत शेवटी गोठले, म्हणून हा आकार गोलसर दिसतो. डागाच्या कडेला बारकाईने पाहिल्यास अनेकदा चंदेरी, ठिसूळ किनार दिसते. ती श्रायबर्साइटची, म्हणजे लोह, निकेल आणि फॉस्फरस यांच्या संयुगाची असते. काही चकत्यांत त्यालगत काळे ग्राफाइटही आढळते. डाग नसलेली चकती संग्राहकांना अधिक देखणी वाटते, पण माझ्या मते डाग असलेलीच अधिक मोलाची.

प्रश्न : अशा डागावरून पृथ्वीचे वय काढले, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि माझ्या दृष्टीने भूविज्ञानातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी तो एक आहे. युरेनियमचा क्षय होऊन शिसे तयार होते. त्यामुळे खडकातले आजचे शिसे हे मूळचे आणि नंतर भर पडलेले यांचे मिश्रण असते, आणि मूळचे किती हे कळल्याशिवाय हिशेब पुढे सरकत नाही. ट्रॉइलाइटमध्ये शिसे सापडते, पण युरेनियम जवळजवळ नसतेच. म्हणजे सूर्यमाला घडताना शिशाच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) जे प्रमाण होते, ते तिथे जसेच्या तसे राहिले. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कॅन्यन डायाब्लो अशनीतील ट्रॉइलाइटमधले शिसे मोजले, त्याची तुलना दगडी अशनींतील आणि सागरी गाळातील शिशाशी केली आणि 1956 मध्ये पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे, सात कोटी कमी-अधिक, असे जाहीर केले. नंतरच्या मोजमापांनी हा आकडा फारसा हललेला नाही. हवेतल्या शिशाने नमुना दूषित होऊ नये म्हणून त्यांनी प्रयोगशाळेच्या स्वच्छतेवर जे अपार कष्ट घेतले, त्यांचाही या आकड्यात मोठा वाटा आहे.

प्रश्न : याच अशनीत हिरेही आहेत म्हणे. ते अवकाशातून आले का?

उत्तर : 1891 मध्ये तिच्यात अतिशय बारीक, काळपट हिरे सापडले. अशनी जमिनीवर आदळून सुमारे 1.2 किलोमीटर रुंदीचे विवर पडले, त्या आघाताच्या दाबाखाली मूळच्या ग्राफाइटचेच हे हिरे झाले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. दागिन्यांसाठी त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : काही अशनींवर खोल, गोल खड्डे असतात. तेथे ट्रॉइलाइट होते का?

उत्तर : अनेकदा होते. ते लोहापेक्षा कमी तापमानाला वितळत असल्यामुळे वातावरणातून येताना लवकर गळून जाते. जमिनीवर पडून राहिलेल्या अशनीत गंधक, पाणी आणि हवा यांच्यापासून सौम्य सल्फ्युरिक आम्ल तयार होऊन लोह झिजते. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात सापडलेल्या, सुमारे 15 टन वजनाच्या विलामेट अशनीवरच्या प्रचंड खळग्यांचे कारण हेच मानले जाते. त्यातले काही खळगे इतके मोठे आहेत की लहान मूल त्यांत सहज बसू शकेल.