पूर्वीच्या काळी तालुक्याच्या गावात हॉटेल चालवणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असायचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गल्ल्यावर बसायचं, पैसे मोजायचे, आल्यागेल्याशी गप्पा मारायच्या, म्हणजे आयुष्य आरामाचंच असेल. आमचं हॉटेल एसटी स्टँडसमोर होतं. वडिलांनी पन्नासच्या दशकात सुरू केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालवलं. गप्पा मारायचं गिऱ्हाईक. मालकाचा जीव दूध, साखर आणि उधारी यांत अडकलेला असायचा. पदार्थांची चव वगैरे त्यानंतर.

पहिली गाडी सुटायच्या आत भट्टी पेटलेली पाहिजे. लाकूड ओलं निघालं की धूर नुसता, आधण काही येत नाही, आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. सकाळच्या त्या अर्ध्या तासाचा गल्ला बुडाला की दिवसभर भरून निघत नसे. ड्रायव्हर-कंडक्टरला चहा फुकट, कधी भज्यांची प्लेटही. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्यांनी गाडी जरा जास्त वेळ उभी केली की अख्खी गाडी खाली उतरायची. रात्री मुक्कामाची गाडी येऊन गेली की फळ्या लावायच्या, मग गल्ला मोजायचा.

गल्ला मोजण्यावरून एक जुनी भानगड सांगतो, कारण आज ती कुणाला ठाऊक नसते. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले. म्हणजे आण्याचे सव्वासहा. आता सव्वासहा पैसे देणार कसे? म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला 6, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19 आणि चार आण्यांना 25 पैसे धरले होते. आमचा चहा एक आणा. तिघे आले आणि एकाने सगळ्यांचे दिले तर 19 पैसे, तिघांनी आपापले दिले तर 18. पूर्वी सोळा कप चहा विकला की रुपया व्हायचा, तो आता सुटा विकला तर 96 पैशांवर यायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं मालक लबाडी करतोय, मालकाला वाटायचं सरकार खिसा कापतंय. वडील हा हिशेब शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

आता दूध. गवळी पाणी घालणार हे गृहीत. वडील लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी, बुडवायचे, गवळी शपथा घ्यायचा, चार शब्द व्हायचे आणि शेवटी दूध घ्यावंच लागायचं, कारण पहिली गाडी कुणासाठी थांबत नाही. पण भेसळीचा कायदा 1954 चा, आणि तो विकणाऱ्याला धरायचा. फूड इन्स्पेक्टर यायचा, रीतसर पैसे देऊन दूध विकत घ्यायचा, त्याचे तीन भाग तीन बाटल्यांत भरायचा, टिकावं म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकायचा आणि लाखेचं सील मारायचा. एक बाटली तपासणीला, एक त्याच्याकडे, एक मालकाकडे. (1976 च्या दुरुस्तीनंतर मालकाला बाटली मिळणं बंद झालं.) आमच्या कपाटात अशी एक बाटली बरेच दिवस देवाच्या तसबिरीशेजारी होती. पाणी घातलं गवळ्याने, कोर्टाची पायरी मालकाला. गवळ्याकडून लेखी पावती आणि हमी असेल तर सुटका होती, पण डोक्यावर कळशी घेऊन येणारा गवळी पावती कुठून देणार? आता 'पूर्वी सगळं शुद्ध मिळायचं' असं कुणी म्हणालं की मला ती बाटली आठवते.

साखरेचं दुखणं वेगळं. कंट्रोलची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाची साखर कोट्याने, त्यासाठी तहसील कचेरीत खेपा, आणि खुल्या बाजारात भाव चढा. 1978 मध्ये नियंत्रण उठलं तेव्हा वडिलांनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले नाहीत एवढंच. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ते अंशतः परत आलं. टंचाईत कुणी गूळ घालायचं, कुणी कप लहान करायचं. कप लहान करणं जास्त चालायचं. बशीत ओतून पिणाऱ्याच्या ते लवकर लक्षात येत नाही.

आणि उधारी. भिंतीवर 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी, खाली गल्ल्यात उधारीची जाड वही. पाटी परगावच्या माणसासाठी होती. गावातला माणूस रोख देत नसे. शिक्षक, तलाठी पगाराला द्यायचे, शेतकरी माल निघाला की. कचेरीतून चहाची ऑर्डर यायची तिचे पैसे मागायचे की नाही, हे साहेब कोण आहे त्यावर. बाजाराच्या दिवशी वसुली बरी व्हायची, म्हणून त्या दिवशी वडील गल्ल्यावरून उठत नसत. एखादा खातेदार समोरून मान खाली घालून गेला तर त्याला हाक मारायची नाही, नुसतं 'काय पाटील, दिसत नाही हल्ली' एवढंच म्हणायचं. जास्त बोललं तर पैसेही जातात आणि गिऱ्हाईकही. 1972 च्या दुष्काळात ही वही जवळजवळ पूर्ण बुडाली. माल निघालाच नाही, देणार कशातून? माणसं सरकारी दुष्काळी कामांवर, खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला. वडिलांनी चहाची किटली देऊन एका पोऱ्याला त्या कामांवर पाठवायला सुरुवात केली. आठवड्याचा पगार वाटला जायचा त्या दिवशी पैसे यायचे. दुकान त्यावर तगलं.

खाण्याचं म्हणाल तर कालची उरलेली भजी आज रश्श्यात जायची, शेवेचा चुरा मिसळीवर. हे सगळीकडे चालायचं, आणि त्या रश्श्याची लोक आजही आठवण काढतात. मसाला आई घरी कुटायची, चिवडाही घरी व्हायचा. हॉटेलात ती कधी आली नाही आणि हिशेबात तिचं नाव कधी नव्हतं. पोऱ्ये रात्री बाकड्यांवर झोपायचे, कप फुटला की पगारातून कापला जायचा. हॉटेलात लहान मुलं ठेवण्यावर बंदी आली ती थेट 2006 मध्ये.

जुन्या हॉटेलांच्या आठवणी लिहिणारे एक गोष्ट वगळतात. अनेक गावांत दलितांसाठी कप वेगळे, बाहेर कोनाड्यात ठेवलेले असायचे. प्यायचा बाहेर, धुवायचा स्वतः. राज्यघटनेने हॉटेलात सर्वांना मोकळीक दिली, 1955 मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला, तरी मालक म्हणायचे, 'मला काही नाही हो, पण बाकीचं गिऱ्हाईक तुटेल.' ही सबब होती, आणि तिचं उत्तर कोल्हापुरात फार आधीच देऊन झालं होतं. गंगाराम कांबळे या दलित माणसाला शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, 'सत्यसुधारक' नावाचं. लोक तिथे चहा प्यायला कचरायचे, तर महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. गिऱ्हाईक तुटण्याची भीती किती खरी, हे मालकाने कधी तपासून पाहिलंच नाही. माझ्या वडिलांनीही कोनाडा काढला तो कायद्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तोही शेजारच्याने काढला तेव्हा.

एवढं करून हातात काय राहायचं? आमचं घर त्यातून झालं, दोन आत्यांची लग्नं झाली, आम्ही शिकलो. शिल्लक म्हणाल तर जागा, बाकी वहीतली बाकी. रजा नाही, पेन्शन नाही. मी आणि भाऊ नोकरीला लागलो, हॉटेल कुणालाच नको होतं. स्टँड गावाबाहेर गेला तेव्हा धंदा बसला. आमच्याच एका जुन्या पोऱ्याने नव्या स्टँडसमोर गाडा टाकला, पुढे गाळा घेतला. तो उधारी देत नाही.